घर सोडलं, झेरॉक्स मागे राहिल्या

वाचकाचं पत्र
(नाव आणि गाव पत्रलेखिकेच्या विनंतीवरून गाळलं आहे. पत्र थोडं आटोपशीर केलं आहे.)

पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही दुसऱ्या शहरात भाड्याच्या घरात राहायला आलो. गेल्या आठवड्यात जुन्या घरमालकांनी (आम्ही त्यांना काकाच म्हणतो) एका पत्राचा फोटो पाठवला. एका वित्तसंस्थेचं, माझ्या नावाचं पत्र. ८४ हजारांच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेत, ताबडतोब भरा, असं त्यात लिहिलंय. असं कर्ज मी घेतलेलंच नाही. नवरा म्हणतो, घेतलं नाही तर घाबरायचं कशाला, फेकून दे ते पत्र. सासूबाई म्हणतात, पोलिसांची भानगड नको, दोन हप्ते भरून मिटवून टाका. मला काकांच्या भाच्याचा संशय येतो, कारण भाडेकराराच्या वेळी आमची सगळी कागदपत्रं त्याच्याच फोनवर गेली होती. पण काकांना विचारलं तर इतक्या वर्षांचे संबंध तुटतील. इथे आल्यावर माझा जुना मोबाइल नंबर बंद करून नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनमध्ये नवा घेतला. बँकेची पत्रं अजून जुन्या पत्त्यावर जातात. पत्ता बदलला की हे थांबेल का? की आधार नंबरच बदलून घ्यावा?

उत्तर

ताई, आधी तुमच्या घरातल्या दोन सल्ल्यांबद्दल. दोन्ही काळजीपोटीच दिलेले आहेत, पण आत्ता दोन्ही ऐकू नका.

पत्र फेकलं तरी कर्जाची नोंद कुठे जात नाही. ती दर महिन्याला ‘थकीत’ म्हणून पुढे सरकते, आणि उद्या तुम्ही दोघं घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा समोर उभी राहते. हप्ते भरण्याचा मार्ग त्याहून वाईट. तुमच्या खात्यातून एक हप्ता गेला, की ‘कर्ज माझं नाही’ या तुमच्या म्हणण्याला तुमच्याच पासबुकातून उत्तर मिळतं. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले तर फार चर्चेत पडू नका. ‘हे कर्ज मी घेतलेलं नाही, मी लेखी तक्रार करते आहे, तुमचं नाव आणि संस्थेचा ईमेल सांगा,’ एवढं बोलायचं आणि फोन ठेवायचा.

आणखी एक शक्यता डोक्यात ठेवा. ते पत्र मुळात खोटंही असू शकतं. नाव-पत्ता माहीत असलेल्या माणसाला थकबाकीची नोटीस छापायला काहीच लागत नाही. घाबरून फोन केलात की पुढचा सापळा तयार. म्हणून पत्रावर छापलेला नंबर फिरवू नका, त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका.

खरंखोटं कळायची जागा म्हणजे तुमचा क्रेडिट रिपोर्ट, तुमच्या नावावरच्या कर्जांचा आणि त्यांच्या परतफेडीचा नोंदवलेला इतिहास. आपल्याकडे अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने कॅलेंडर वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमच्या बाबतीत चारही रिपोर्ट आजच काढा, कारण प्रत्येक वित्तसंस्था चारही ठिकाणी एकाच दिवशी माहिती पाठवत नाही. रिपोर्ट त्या कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. ‘फुकट स्कोअर’ दाखवणारी इतर अॅप तुमचा पॅन आणि नंबर घेतात, आणि त्यातल्या बऱ्याचशांना कर्जच विकायचं असतं.

रिपोर्ट हातात आल्यावर स्कोअर बघून बाजूला ठेवू नका, तीन भाग नीट वाचा. पहिला, खात्यांचा. तिथे ८४ हजारांचं खातं आहे का, ते कोणत्या तारखेला उघडलं, कोणत्या संस्थेने दिलं. दुसरा, पत्ते आणि फोन नंबर यांचा. तुमचा कधीच नसलेला नंबर किंवा पत्ता तिथे दिसला, तर अर्जदाराने तो स्वतः दिलेला असणार. पोलिसांच्या हाती लागणारा पहिला दुवा बहुतेक वेळा हाच असतो. तिसरा, चौकशांचा, म्हणजे तुमच्या नावावर कर्ज द्यायचं का हे बघण्यासाठी कुणी-कुणी रिपोर्ट मागवला. तुम्ही अर्ज न करता तिथे ओळीने चार संस्था दिसल्या, तर ८४ हजार ही सुरुवात होती असं समजा आणि त्या चारही संस्थांना लिहा.

कर्ज खरंच नोंदलेलं असेल, तर वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि पत्ता संस्थेच्या अधिकृत वेबसाइटवर असतो. ‘हे कर्ज माझं नाही’ एवढंच लिहून थांबू नका. पुढच्या गोष्टींच्या प्रती मागा: कर्जाचा अर्ज, त्यासोबतची ओळखीची कागदपत्रं, अर्जाच्या वेळी घेतलेला फोटो किंवा सेल्फी, ज्या मोबाइल नंबरवर ओटीपी गेला तो नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कर्जाची रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली ते खातं. काही अपवाद सोडले तर ऑनलाइन कर्जाचे पैसे कर्जदाराच्याच खात्यात जमा करायचे, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन २०२२ पासून आहे. म्हणजे पैसे तुमच्या ओळखीच्या खात्यात आलेले नसतील, तर एक शक्यता अशी की तुमच्या नावाने कुठेतरी दुसरंच खातं उघडलेलं आहे. ते सापडलं नाही तर कर्जाची नोंद पुसली जाईल, आणि खातं पुढच्या उद्योगासाठी तसंच उघडं राहील.

त्याच दिवशी पोलिसांत तक्रार. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा आणि पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा. १९३० हा नंबर मुख्यतः पैसे गेल्यावर ते वाटेत अडवण्यासाठी आहे. तुमच्या खात्यातून रक्कम गेली तर पहिल्या तासातच तो लावा. पोलीस ठाण्यातही जा. ‘घटना जुन्या गावची, तिकडे जा’ असं ऐकावं लागलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या या कायद्यात गुन्हा कुठे घडला हे न बघता माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. लोक तिला ‘झिरो एफआयआर’ म्हणून ओळखतात. दुसऱ्याची ओळख वापरण्याचा गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी मध्ये येतो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. नोंदवायला नकारच मिळाला तर हीच माहिती पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते.

सासूबाईंना पोलिसांची भीती वाटते, तर त्यांना हे समजावून सांगा: इथे तुम्ही आरोपी नाही, तक्रारदार आहात. तुम्ही तक्रार केली नाहीत, तर कागदावर मात्र तुम्ही थकबाकीदार राहता.

पोचपावती मिळाली की ज्या-ज्या रिपोर्टमध्ये ती नोंद आहे, त्या कंपनीच्या वेबसाइटवर हरकत घ्या. सिबिलसाठी रिपोर्टच्या वर छापलेला कंट्रोल नंबर लागतो. ३० दिवसांत निकाल लागायला हवा. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. वित्तसंस्था ३० दिवस गप्प बसली किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. पत्ता बदलला की हे थांबेल, असं तुम्ही धरून चालला आहात. जरा उलट बाजूने बघा. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि काकांनी ते तुम्हाला पाठवलं, म्हणूनच तुम्हाला हे कळलं. तुमच्या जुन्या टपालपेटीतून पाकीट चोरून कुणी हे कर्ज काढलं असण्याची शक्यता कमीच. आज चोराला नवं कार्ड सापडलं तरी त्याचा पिन ठरवायला तुमच्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो. पत्ता ही तुमच्या ओळखीची सगळ्यात दुबळी कडी राहिलेली नाही. कागदपत्रांच्या प्रती आणि मोबाइल नंबर या दोन कड्या खऱ्या.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय: जुना नंबर बंद केला. घर बदलताना लोकांच्या हातून होणारी सगळ्यात महागडी चूक हीच. बंद केलेला नंबर किमान ९० दिवस पडून राहतो आणि नंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. तुम्हाला पाच महिने झाले. तो नंबर आज कुणा अनोळखी माणसाच्या खिशात असू शकतो. तो माणूस प्रामाणिक असला तरी तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाणं धोक्याचंच.

म्हणून आज संध्याकाळी एक कागद घ्या आणि तो नंबर कुठे-कुठे दिला होता ते लिहून काढा. आधार. प्रत्येक बँक खातं, माहेरच्या गावातलं विसरलेलं बचत खातंसुद्धा. आयकराचं पोर्टल, पीएफ, डीमॅट, विमा, डिजिलॉकर, गॅस. आणि बहुतेक जण विसरतात ती जागा, म्हणजे ईमेलचा रिकव्हरी नंबर. तो आधी बदला, कारण ईमेल हाती लागला तर बाकीचे पासवर्ड नव्याने ठरवता येतात. आधारला नवा नंबर जोडायला आधार केंद्रात जा. बोटांचे ठसे देऊन तिथे काम होतं, नंबरसाठी वेगळा पुरावा लागत नाही. हे झाल्याशिवाय आधारची पुढची कुठलीच कामं होणार नाहीत, कारण त्या सगळ्यांचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

नंबर जोडला गेला की ‘माय आधार’ पोर्टलवर तीन कामं करा. एक, ऑथेंटिकेशन हिस्ट्री बघा. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठल्या संस्थेने, कधी आणि कशाने (ओटीपी की ठसा) तपासलं ते तिथे दिसतं, एका वेळी जास्तीत जास्त ५० नोंदी. सहा महिन्यांची मुदत आहे आणि तुम्हाला घर सोडून पाच झालेत, तेव्हा हे लांबवू नका. दिसेल ते लगेच डाउनलोड करून ठेवा. दोन, बायोमेट्रिक लॉक करा. बोटाच्या ठशावर आधारमार्फत पैसे काढण्याची सोय गावोगावी आहे आणि दस्तांवरच्या ठशांच्या नकला करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात घडलेले आहेत. लॉक केल्यावर ठसा चालत नाही. मात्र घरी सांगून ठेवा, नाहीतर रेशन दुकानात किंवा नवं सिम घेताना ठसा नाकारला जाईल आणि यंत्र बिघडलं असं वाटेल. गरजेपुरतं तात्पुरतं अनलॉक केलं की थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लॉक होतं. तीन, मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा. त्यात १२ पैकी शेवटचे चारच आकडे दिसतात.

आधार क्रमांकच बदलून घेण्याचा विचार मात्र सोडा. तो आयुष्यभरासाठी एकच असतो. क्रमांक बदलता येत नाही, त्याचं दार बंद करता येतं, आणि लॉक म्हणजे तेच.

दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावाने किती मोबाइल जोडण्या चालू आहेत ते दिसतं. तुमचा नसलेला नंबर आढळला तर ‘हा माझा नंबर नाही’ असं तिथेच कळवता येतं. पॅनसाठी आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडा. न केलेला व्यवहार, न मिळालेला पगार किंवा न मिळालेलं भाडं तिथे दिसलं तर पॅन कुणीतरी वापरतंय. हो, भाडंसुद्धा. घरभाड्याची करसवलत लाटण्यासाठी खोट्या घरमालकाचा म्हणून भलत्याच माणसाचा पॅन देण्याचे प्रकार झालेले आहेत. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून शोधलं की त्या पॅनवर कुठली फर्म नोंदलेली आहे का तेही कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका.

पत्ता बदलायचाच आहे, फक्त त्याकडून सगळ्याची अपेक्षा धरू नका. आधारचा पत्ता नोंदणीकृत भाडेकरारावर बदलता येतो, आणि तो बदलला की बँकेचं काम सोपं होतं. दर अकरा महिन्यांनी घर बदलावं लागत असेल, तर बँकेत पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा नोंदवता येतो, तेवढा तरी वेळेवर बदला. कार्डांच्या मुदतीचे महिने बघा. मुदत संपायच्या आधीच नवं कार्ड निघतं, आणि ते नोंदलेल्या पत्त्यावर जातं. मतदार यादीसाठी फॉर्म ८. गाडी तुमच्या नावावर असेल तर नोंदणी प्रमाणपत्रावरचा पत्ता ३० दिवसांत कळवायचा असतो. पासपोर्टवरचा पत्ता बदलायचा म्हणजे पासपोर्ट नव्याने काढायचा. जुन्या भागाच्या टपाल कार्यालयात टपाल पुढे पाठवण्याचा लेखी अर्ज देता येतो. कुरिअर कंपन्यांना मात्र तो लागू नाही.

जुन्या घरी तुमच्या नावाचं ब्रॉडबँड तसंच चालू ठेवून आलात का, तेही तपासा. पुढच्या भाडेकरूने त्यावरून काही केलं तर पोलिसांचा पहिला फोन तुम्हाला येईल. राउटर परत केल्याची आणि जोडणी बंद झाल्याची पावती ईमेलवर मागून घ्या.

आता प्रतींबद्दल, आणि त्यातच भाच्याचा प्रश्न येतो. तुमचा संशय समजण्यासारखा आहे. पण भाडेकराराच्या वेळी तुमच्या आधार-पॅनच्या प्रती खरोखर किती हातांतून गेल्या ते मोजा. भाचा, काका, एजंट, करार नोंदवून देणारा, सोसायटीचं कार्यालय, पोलिसांतली भाडेकरू नोंद, सामान हलवणारी कंपनी, आणि झेरॉक्सचं दुकान. शेवटच्या नावाकडे कुणाचंच लक्ष जात नाही. दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो. फाइल त्याच्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहते. तुम्ही फोनवरून ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलंत तरी उतरवून घेतलेली प्रत जात नाही. ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. त्या दोन्ही गोष्टी तुमच्या पॅनच्या प्रतीवर छापलेल्याच आहेत. शिवाय निघताना विकलेली रद्दी. घर आवरताना जुनी स्टेटमेंटं, विम्याची पत्रं, पगाराच्या स्लिपा किलोवर गेल्या असतील, तर तोही एक हात धरा.

इतक्या हातांपैकी एकाकडे बोट दाखवण्याइतका पुरावा आज तुमच्याकडे नाही. वित्तसंस्थेकडून अर्जातला फोन नंबर, सेल्फी आणि बँक खातं येईल, तेव्हा तो असेल किंवा नसेल. तक्रारीत ‘माझ्या कागदपत्रांच्या प्रती पुढील लोकांकडे दिल्या होत्या’ अशी यादी द्या. भाच्याचं नाव त्या यादीत बाकीच्यांसारखंच एक नाव म्हणून येऊ द्या, आणि तपास पोलिसांना करू द्या. संशय खोटा निघाला तर तुम्ही कुणावर आरोप केलेला नसेल. खरा निघाला तर त्याला आधीच सावध केलेलं नसेल.

इथून पुढे प्रत देताना कागदावर तिरकं, अक्षरं फोटोला आणि मजकुराला स्पर्श करतील असं लिहा: ‘फक्त अमुक घराच्या भाडेकरारासाठी’, तारीख आणि सही. मोकळ्या कोपऱ्यात लिहिलेलं कापून काढता येतं, म्हणून मधूनच लिहायचं. फोनवरून पाठवायची वेळ आली तर असं लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवा, मूळ पीडीएफ नको. सोसायटीला मास्क्ड आधार आणि कराराची प्रत पुरते. पॅन मागितलं तर कशासाठी ते विचारा, आणि कारण सांगता आलं नाही तर देऊ नका. प्रिंट दुकानातूनच काढायची असेल तर चॅट, डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन, तिन्ही ठिकाणची फाइल समोर उभं राहून काढायला लावा. संकोच वाटू देऊ नका, कागद तुमचा आहे. रद्दीत देण्याआधी नाव, खाते क्रमांक आणि सही असलेला भाग फाडून पाण्यात भिजवून त्याचा लगदा करा.

हे सगळं मिटल्यावर पुढच्या वर्षीपासून चारही रिपोर्ट एकदम काढायचं कारण नाही. दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा काढलात तर वर्षभर फुकटात लक्ष राहतं.

राहिले काका. त्यांना फोन करा, पण विचारायला नको, आभार मानायला करा. त्यांनी तो फोटो पाठवला नसता तर आणखी हप्ते थकले असते. त्यांना एवढंच सांगा: ‘काका, माझ्या नावावर कुणीतरी खोटं कर्ज काढलंय, मी तक्रार केली आहे. माझ्या नावाचं काहीही आलं तर परत पाठवू नका, फोटो काढून मला कळवा आणि जपून ठेवा. आमच्या कागदपत्रांच्या प्रती कुणाच्या फोनवर राहिल्या असतील, तर तपास होईपर्यंत काही पुसू नका.’ आणि हो, त्या पहिल्या पत्राचं पाकीट त्यांनी टाकून दिलं नसेल तर ते मागून घ्या. त्यावरच्या बारकोडवरून ते कुठून निघालं आणि कधी पोचलं, हे पोलिसांना काढता येतं.